उपटणीचा फाल्गुन

फाल्गुन लागला की माझे हात शिवशिवतात. परवा हैदराबादच्या हॉटेलात सकाळी दाढी करत होतो. खिडकीखाली एक माळी वाळलेलं झुडूप मुळासकट उपटत होता. कच्चकन आवाज झाला आणि माझा हात गालावरच थांबला. पुढचे चार दिवस ड्यूटी नव्हती. पुण्याला बायकोला फोन केला, म्हटलं, गावाकडे जाऊन येतो. ती म्हणाली, "आता काय आहे तिकडे उन्हाशिवाय?" खरंच होतं तिचं. तरी निघालो.

आमचं गाव दिग्रसपासून एसटीनं अर्ध्या तासावर. कापूस फुटलेला असतो तेव्हा लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, पांढरं सोनं वगैरे म्हणतात. त्यानंतरचं शेत बघायला कोणी थांबत नाही. वेचणी संपलेली, पानं झडलेली, बोंडअळीनं खाल्लेली चार बोंडं काळी पडून लटकलेली, आणि खाली उरते ती पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड, छातीला लागेल एवढं, काळपट, काटक, आणि मरूनही जमीन न सोडणारं. ती कापून चालत नाही. कापली की खाली धसकट राहतं आणि चपलेतून थेट तळव्यात घुसतं. म्हणून उपटायची. बुंध्याला लोखंडी चिमटा लावायचा, दांड्यावर अंग टाकायचं आणि हिसडा मारायचा. आधी काही होत नाही. मग एकदम मूळ सुटतं, ढेकूळ फुटतं आणि मूठभर माती तोंडावर येते. दिवसभर सगळ्या शिवारात हाच आवाज. कच्च. कच्च. वेचणीच्या वेळी बाया गाणी म्हणतात. उपटणीला गाणं कोणाला सुचत नाही, शिव्या सुचतात.

तीन वर्षांपूर्वीचा अख्खा फाल्गुन मी असा उपटण्यात घालवला. मी विमानात को-पायलट. दीडशे-दोनशे माणसं मागे बसवून आभाळात नेणारा माणूस, आणि धोतराचं फडकं हाताला गुंडाळून पऱ्हाटीशी झोंबत होतो. आमच्या कंपनीची विमानं एकेक करून जमिनीवर लागत होती. इंजिनं मिळत नव्हती म्हणे. विमानं उभी म्हणजे आम्हीही उभे. काहींना "तात्पुरत्या बिनपगारी रजेवर" पाठवलं, त्यात मी. त्या पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "आपल्या प्रकृतीची काळजी घ्या." ते वाचून मी फोन भिंतीवर हाणणार, तेवढ्यात बायकोनं मनगट धरलं. यादी यायची होती. कोण राहणार, कोण जाणार. कोणी म्हणे सगळ्यात नवे आधी जातील, कोणी म्हणे ज्यांची वैद्यकीय तपासणी जवळ आली ते जातील. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रोज सकाळी नवी पुडी सुटायची. आठ दिवस मी फ्लॅटमध्ये पिंजऱ्यातल्यासारखा येरझारा घातल्यावर बायकोच म्हणाली, "तू गावाला जा. इथे एक दिवस तू काहीतरी फोडशील."

गावात आम्ही सांगितलं, सुटी आहे. माय ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "माह्या राजूले कंपनीनं आराम देल्ला. लय इमान उडवलं ना लेकरानं." मी घरात बसून ऐकायचो आणि दात खायचो.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीती फार वेळ टिकली की माझ्यात तिचा राग होतो. हा स्वभाव जन्माचा. शाळेत दोनदा पाट्या फोडल्या, एकदा मास्तरांची छडी. आणि या रागाला तोंडच नव्हतं. गावात कोणी धुरा, म्हणजे बांध, कोरला, पिकात बैल सोडले, तर कोणाचं डोकं फोडायचं ते माहीत असतं. इथे कोणाचं फोडू? पत्राखाली सही होती ती एका बाईची, आणि तीही पंधरा दिवसांत कामावरून गेली. अशा वेळी माणूस काय करणार? पऱ्हाटी दिसली, पऱ्हाटीवर तुटून पडलो. एकेका झाडाला एकेका माणसाचं नाव देत होतो. हा मालक, हा त्याचा सल्लागार, हा तो टीव्हीवर "सगळं सुरळीत आहे" म्हणणारा टायवाला. कच्च. तळहाताची साल निघाली, बोंडांच्या टोकांनी पोटऱ्या ओरबाडल्या, तरी थांबायचो नाही. शेत दादा करतो, माझा थोरला भाऊ. तो एका रांगेत शांतपणे उपटत असायचा. एकदा वैतागून म्हणाला, "अबे हळू ना. झाड हाय थे, तुहा साहेब नाही."

दुसरं एक भूत मानगुटीवर होतं. माझी वैद्यकीय तपासणी महिन्यावर आली होती आणि माझा रक्तदाब काठावर होता. पायलटाचं शरीर म्हणजेच त्याचं लायसन. ते नापास झालं तर यादीची वाट बघायचीच गरज नाही. म्हणून दंडाला पट्टा बांधायचं मशीन बॅगेतून आणलं होतं. रोज सकाळी पट्टा भरायचो, आकडा वाढलेला दिसायचा, आकडा बघून राग यायचा, रागानं आकडा आणखी वाढायचा. माय चहा ठेवून विचारायची, "कायले पिळून राह्यला रे तू आपला हात रोज?" तिला काय सांगणार? म्हटलं, व्यायाम आहे. ती म्हणाली, "मंग तोंड काहून असं करतं, इचू चावल्यावानी?"

त्या वर्षी गाराही झाल्या. दुपारी चारला आभाळ काळंनिळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा पत्र्यावर अशा कोसळल्या की मायनं कानात बोटं घातली. शेजारच्याचा गहू झोपला, आमची तूर गेली, ओढ्याकडचे पळस फुलांसकट झोडपले गेले. मी दारात उभा राहून बघत होतो आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. वाटत होतं, होऊन जाऊ दे, सगळ्यांचंच होऊन जाऊ दे. घरच्यांचं नुकसान डोळ्यांदेखत होत असताना असं वाटणारा माणूस काय लायकीचा असतो, हे मला तेव्हा कोणी विचारायला हवं होतं.

गारांनंतर चार दिवसांनी घरात राहिलेला शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन दादाबरोबर दिग्रसच्या जिनिंगला गेलो. तिथे पक्या भेटला. पक्या, म्हणजे प्रकाश, माझ्या गावचा, माझ्या बाकावरचा. आम्ही दोघं एकाच सायकलवर दिग्रसच्या शाळेत गेलेलो. पुढे मी उडालो, तो जिनिंगला लागला. सरकी काढलेल्या रुईच्या गाठी जिथे दाबतात त्या प्रेसखाली तो तारा बांधायचा. त्या दिवशी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभा होता. केसांत, भुवयांत, मिशीत रुई. मला पाहिलं आणि तोंडभर हसला.

"काय राजा! तुमचीबी यादी लागून राह्यली म्हंते?"

गावापासून लपवलेलं त्याला कुठून कळलं देव जाणे. टपरीवर दहाबारा जण होते. सगळ्यांच्या माना वळल्या. मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"पेपरात आलं ना बे. मंग तूबी आमच्यातला झाला. हंगामी!"

आणि तो पुन्हा हसला. त्याच्याबरोबर बाकीचेही हसले. एवढंच. याच्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. हातातला ग्लास खाली पडला, फुटला. मी त्याची कॉलर धरली. रोज पऱ्हाटी उपटून उपटून माझा हात लोखंड झालेला. तो हात मी सगळ्या अंगानिशी त्याच्या कानशिलात हाणला. एकच. पण असा, की पक्या टपरीच्या बाकावरून पलीकडे पडला. मी आणखी मारणार होतो. दादानं मागून कवळ घातली, दोघा हमालांनी माझे पाय धरले, आणि मी त्या सगळ्यांना ओढत नेत होतो. तोंडातून काय काय शिव्या निघत होत्या ते दादानं मला कधी सांगितलं नाही. पक्या मातीत बसून डावा कान धरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो फक्त चक्रावला होता.

येताना गाडीत दादा म्हणाला, "थो तुह्यावर हासला नाही बे. त्याची तं दरसाल यादी लागते. होळी झाली का जिनिंग बंद, माणसं घरी. दिवाळीले मुकादम बोलवन तवा खरं. थो तुले म्हणून राह्यला होता का भेऊ नको, आपुन सोबत हाओ."

मला ते ऐकू येत होतं पण आत शिरत नव्हतं. कारण तोवर माझ्या डोक्यात दुसरीच टाचणी टोचायला लागली होती. विमानतळाच्या आत जायला पास लागतो. पासाला पोलिसांचा दाखला लागतो. अंगावर गुन्हा असला की दाखला अडतो, दाखला अडला की पास अडतो, आणि मग यादीत नाव पहिलं असो की शेवटचं, विमानाच्या शिडीपर्यंतसुद्धा पोहोचता येत नाही. पक्यानं ठाण्यात रिपोर्ट दिला की मी संपलो. कंपनीनं काढायच्या आधी मी स्वतःच स्वतःला काढलं होतं, एका थपडेत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी गेलो. पक्या बाजेवर बसला होता, उन्हातही डोक्याला मफलर गुंडाळून. त्याची बायको, सुनीता वहिनी, मला बघून आत गेली. पाणी विचारलं नाही. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "पक्या, चुकलं माझं. रिपोर्ट देऊ नको."

तो म्हणाला, "दोन गोष्टी बोलला तू. पह्यली माह्यासाठी होती का दुसरीसाठी?"

काय सांगणार? मी खाली बघितलं. खोटं बोललो असतो तरी त्यानं ओळखलं असतं. लहानपणापासून ओळखतो तो मला.

"मी नाही जात ठाण्यात," तो म्हणाला. "मले कामावर जा लागते. चारच दिवस राह्यले हंगामाचे. जाय आता घरी."

तिथून निघताना मला लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं. इतकं हायसं, की घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आमच्याकडे उपटणीच्या शेवटच्या दिवशी गल्लीतली माणसं काठ्या घेऊन शेतावर येतात. त्याचं कारण असं की पऱ्हाटी जसजशी कमी होत जाते तसतशी रानडुकरं, ससे, जे काही आत दडलेलं असतं ते उभ्या राहिलेल्या रांगांत सरकत जातं. शेवटी पाचसहा रांगा उरतात आणि सगळं त्यांत कोंबलेलं असतं. त्या उपटायला घेतल्या की जीव घेऊन बाहेर फुटतं. त्या वर्षी एक एकुलगा, म्हणजे कळप सोडून एकटाच फिरणारा, डुक्कर होता, वर्षभर सगळ्यांच्या शेतात नांगर फिरवलेला. चार रांगा उरल्या, तीन उरल्या, आत खसफस वाढली, कुत्री वेडी झाली. आणि तो निघाला. एका कुत्र्याला त्यानं सुळ्यानं पोटापासून फाडलं आणि सरळ माणसांवर आला. आरडाओरडा, काठ्या, ढेकळं. सगळे बाजूला झाले, मी झालो नाही. पायाखालचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. तो कोलमडला, उठला, रक्त सांडत धुऱ्यावरून ओढ्यात उतरला. मी त्याच्यामागे धावलो. कशाला? काय करणार होतो मी त्याला धरून? ओढ्याच्या काठावर छाती फुटेस्तोवर धापा टाकत उभा होतो आणि तिथे, नेमका तिथे, नेटवर्क आलं. खिशात फोन थरथरला. यादी आली होती. माझं नाव राहिलं होतं. माझ्या खालचे सगळे गेले होते.

मी ओरडलो. शब्द नव्हते, नुसती आरोळी. ज्यांची नावं गेली त्यांतल्या तिघांबरोबर मी ट्रेनिंगला एका खोलीत राहिलो होतो. त्यांची आठवण मला रात्री जेवताना झाली.

तपासणीतही पास झालो. मुंबईच्या त्या डॉक्टरनं रक्तदाब दोनदा घेतला आणि मान हलवली. डोळे झाले, छाती झाली. मग तो माझ्या पाठीमागे काही पावलं जाऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात आकडे पुटपुटला; मी ते मोठ्यानं म्हणून दाखवायचे. एकेक कान झाकून. दोन्ही कान ठणठणीत. आठवड्यानं मी पुन्हा विमानात होतो.

त्यानंतर तीन वर्षं गावी गेलो ते धावतपळत. दिवाळीला एक रात्र, मायच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दोन दिवस. पक्याकडे गेलो नाही. एकदा बसस्टँडवर तो पाठमोरा दिसला, मी "पक्या" म्हणून हाक मारली, त्यानं वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, ठीक आहे लेका, धर राग. मी माफी मागितली होती, आता तुझं तू बघ. नोकरीवरची टांगती तलवार काही गेली नाही. कधी कंपनी विकली जाणार, कधी दुसऱ्या कंपनीत मिसळणार, दर सहा महिन्यांनी नवी आवई. पण आता मी तिला सरावलो. माणूस कशालाही सरावतो.

तर परवा हैदराबादहून निघालो तो दुसऱ्या दिवशी दुपारी गावी पोहोचलो. बॅग ओट्यावर टाकली आणि थेट शेतात गेलो. तोच आवाज. कच्च, कच्च. चारपाच मजूर उपटत होते. एक जण कडेच्या रांगेत एकटा, माझ्याकडे पाठ. त्या पाठीवरून ओळखलं. पक्या. आमच्या शेतात, मजुरीनं.

"पक्या!"

तो उपटत राहिला. मी जवळ गेलो. "ए पक्या!" बाकीचे सगळे वळले, तो नाही. तिसरी हाक घातली तेव्हा माझं टाळकं सरकलंच. तीन वर्षं झाली, आमच्याच धुऱ्यावर उभा आहेस आणि अजून तोरा? मी मागून जाऊन त्याच्या खांद्याला हिसडा दिला. तो केवढा दचकला! चिमटा हातातून पडला, दोन्ही हात तोंडापुढे आले. मार अडवायला आलेले हात होते ते.

पलीकडच्या रांगेतून सुनीता वहिनी आली. पऱ्हाटीचा भारा तिनं माझ्या पायापाशी आपटला.

"भाऊजी, मांगून कायले बोलवता त्याहिले? डाव्या कानानं आयकू येत नाही, मांगचं तं काहीच समजत नाही."

"कधीपासून?"

तिनं एका दमात सगळं सांगितलं. त्या थपडेनंतर कानातून पाणी येत राहिलं, मग रक्त. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, पडदा फाटला, उशीर झाला. पक्यानं त्यालाही सांगितलं, पडलो म्हणून. दिवाळीला जिनिंग सुरू झालं, मुकादमानं माणसं उभी केली. प्रेसवरच्या माणसांना घ्यायची त्याची एक रीत आहे. मशीन चालू ठेवतो, माणसाला पाठमोरा उभा करतो आणि मागून ओरडतो, "हात काढ!" कारण प्रेस खाली येताना वरचा माणूस हेच ओरडतो, आणि खालच्यानं त्याच क्षणी हात काढला नाही तर हात गाठीत जातो. पक्यानं हात काढला नाही. मुकादम चांगला माणूस, तीनदा ओरडला. मग म्हणाला, "प्रकाश, घरी जाय बाबू. तुहा हात जाईन एखांद्या दिवशी." अठरा वर्षं त्या प्रेसवर होता तो. तीन हाकांत गेला.

मी दादाकडे वळलो. तो धुऱ्यावर उभा होता. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं काहून नाही मले?" मी ओरडलो. इतक्या वर्षांनी तोंडातून गावची भाषा आली.

"काय केलं असतं तू?" दादा म्हणाला. "बीपी वाढलं असतं तुहं. पक्यानंच सांगतलं होतं, राजूची तपासणी हाये, त्याले कळू देऊ नका."

ऊन डोक्यावर रणरणत होतं. मजूर हात थांबवून उभे होते. मला काहीतरी उपटायचं होतं, फोडायचं होतं, आणि हाताशी मी सोडून कोणी नव्हतं. मी पक्याच्या उजव्या बाजूला गेलो, जिथून ऐकू जाईल तिथे. त्याचा हात धरला, तो माझ्या गालाशी आणला.

"मार मले, पक्या. सगळ्याईसमोर मार. जोरानं मार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हात क्षणभर तसाच राहिला, उघडा, मातीचा, माझ्या कानाजवळ. मग त्यानं तो सोडवून घेतला आणि वाकून चिमटा उचलला.

"नको बे," तो म्हणाला. "तुले कान लागते."